साहेबांच्या एकसष्टीची एकसष्ट ताटं

कोल्हापुरात राहून सत्कार चुकवणं अवघड आहे. माणूस निवडून आला की सत्कार, पडला की 'कडवी झुंज दिली' म्हणून सत्कार, रिटायर झाला की सत्कार, आणि नुसता दवाखान्यातून घरी आला तरी गल्लीतलं तरुण मंडळ हार घेऊन दारात हजर. शाल पुढच्या सत्कारात दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. नारळ त्याच संध्याकाळी रश्श्यात जातो. मागं उरतं ते सन्मानचिन्ह. ते शोकेसमध्ये बसतं आणि घरातली पोरंबाळं मोठी होईपर्यंत धूळ खातं. ही सन्मानचिन्हं मी पंधरा वर्षं केली. काचेची, नक्षीची, भट्टीत भाजलेली ताटं.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'कामातल्या गमतीजमती लिहा' असं सांगितलंय. गमती भरपूर आहेत. शेवटची मात्र गमतीत बसणार नाही. छापायची की नाही ते त्यांनी ठरवावं.

आमचं दुकान लक्ष्मीपुरीत, काचांचं. खिडक्यांच्या काचा, आरसे, देवाच्या फोटोंच्या फ्रेमा. सासरे, म्हणजे अप्पा, गल्ल्यावर. आमचे हे काचा बसवायला गावभर. मी लग्न होऊन निपाणीकडून आले तेव्हा मागच्या शेडमध्ये नक्षीच्या काचेच्या तुकड्यांचा ढीग पडलेला होता. नक्षीची काच म्हणजे एका अंगानं गुळगुळीत आणि दुसऱ्या अंगाला पानं, फुलं, दाणे नाहीतर बांबूसारख्या रेघा उठलेल्या. हिच्यातून उजेड आत येतो, पण आतलं बाहेर दिसत नाही. म्हणून ती बाथरूमला बसवतात. ढीग बघून माझा जीव तुटायचा. एवढी सुंदर पानंफुलं, आणि आयुष्य जायचं संडासाच्या खिडकीत!

पुढं एकदा बंगळूरला बहिणीकडे गेलतो (आमच्याकडे बायकाही 'गेलतो' म्हणतात, हसू नका), तिथं एका प्रदर्शनात काचेवर काच ठेवून भट्टीत वितळवून केलेलं ताट बघितलं. परत येताना डोक्यात भट्टीच होती. आमचे हे म्हणाले, "बघ बाई." त्यांचं सगळ्याच बाबतीत हेच मत असतं. अप्पांनी कानडीत आणि मराठीत, दोन्ही भाषांत नकार दिला. मग सहा महिने मी त्यांच्या पानात भाकरी वाढताना एक शब्द बोलले नाही. तेव्हा शेडचा एक कोपरा मिळाला.

भट्टी बांधली दत्तू मिस्त्रींनी. पेठ वडगावचा माणूस, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या भट्टीवर वीस वर्षं काढलेली. आडवा बांधा, बोलणं कमी आणि बोलले तर तोडून. भाजक्या विटा, विजेच्या कॉइल, वर जड झाकण आणि एक तापमानाचा मीटर. बांधून झाल्यावर भट्टीभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाले, "अक्का, लोखंडाची भट्टी म्या डोळं झाकून चालवीन. काचंचं तुमी सांगा, मी शिकतो." पन्नाशीच्या माणसानं असं म्हणणं मी कोल्हापुरात त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

काम सांगायला सोपं आहे. खाली साध्या काचेची चकती, वर नक्षीच्या काचेचे कापलेले तुकडे, मधे वाटलं तर तांब्याच्या पातळ पत्र्याचं पान. भट्टीत साडेसातशेच्या आसपास डिग्रीला थर एकमेकांना धरतात. जास्त तापलं तर नक्षी वितळून सपाट, कमी तापलं तर थर सुटे. मग गार करायचं, आणि दुसऱ्यांदा साच्यावर ठेवून थोडं कमी तापवायचं, म्हणजे काच खोलगट बसते. खरं काम तापवण्याचं नाहीच, गार करण्याचं आहे. एक दिवस, दीड दिवस, भट्टी आपली आपण थंड व्हायला हवी. घाई केली की काच तडकते.

मिस्त्रींनी यासाठी आपली रीत काढली होती. झाकणाला हाताची मागची बाजू लावायची आणि शंभर मोजायचे. शंभरापर्यंत हात राहिला तर झाकण उघडायचं. नव्वदला चटका बसला तर चूप बसायचं. एकदा जिल्ह्यातल्या एका मोठ्या माणसाची गाडी दारात ताटासाठी उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, अप्पा ओरडतायत, "अरं उघड की मर्दा! काय लगीन लावालाईस काय भट्टीचं?" मिस्त्री हात लावून मोजत उभे. ब्याऐंशीला हात काढला आणि म्हणाले, "उद्या या." गाडी गेली. मोठा माणूस दुसऱ्या दिवशी आला. कोल्हापुरात मोठा माणूस दुसऱ्या दिवशी आल्याचं हे एकच उदाहरण मला माहीत आहे.

दुसरा नियम माझा होता. एका ताटात एकाच कारखान्याची, जमल्यास एकाच शीटमधली काच. प्रत्येक काच तापताना आपल्या मापानं फुगते आणि गार होताना आपल्या मापानं आकसते. वेगवेगळ्या घरची काच एकत्र भाजली तर ती चिकटते, चांगली दिसते, पण आत ताण राहतो. दोन जावा एका स्वयंपाकघरात पाहुण्यांसमोर हसून वावरतात ना, तसं. कधी भांडं आपटेल सांगता येत नाही. आज, महिन्यानं, नाहीतर खोलीत जरा गरम-गार झालं की लगेच.

गिऱ्हाइकांना यातलं काहीच ऐकायचं नसायचं. त्यांचा प्रश्न एकच. "फुटत न्हाय न्हवं?"

"काच हाय पावणं. पडली की फुटंल."

"मग काय उपेग?"

एका पैलवानाच्या वडिलांनी पोराच्या कुस्तीचं बक्षीस म्हणून ताट नेलं आणि आठव्या दिवशी परत आणलं. तांबड्या रश्श्याचा डाग नक्षीत बसलेला. "ह्यात जेवाय येत न्हाय," तक्रार. मी म्हटलं, "शोभेचं हाय ते." ते म्हणाले, "ताट हाय आणि जेवाय न्हाय, असलं कसलं हो ताट?" एका बाईंनी ताटात मोराऐवजी नवऱ्याचा चेहरा मागितला. पानांच्या काचेत चेहरा जमेल तेवढा जमवला. त्यांनी ताट हातात फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "राहू दे. असाच बरा दिसतोय."

काम चाललं होतं, पण पालिकेच्या नळासारखं, आलं तर आलं. अप्पांची नजर शेडवर होती. दोन हजार सालाच्या पुढं गावात फर्निचरची कामं वाढली आणि त्यांना प्लायवूड ठेवायला जागा हवी झाली. एका सकाळी चहा पिता पिता त्यांनी निकाल सांगितला, सुरुवात कानडीतल्या 'पुरे'नं. "साकु आता. बास. एक दणक्यात मोठी ऑर्डर करून दाखव, लोकांत नाव झालं पायजे. न्हाय जमलं तर दसऱ्याला भट्टीची शेवटची पूजा, आणि दुसऱ्या दिवशी मोडायची. हितं प्लायवूड."

मिस्त्री दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

आणि बरोबर त्याच आठवड्यात पतसंस्थेचे सेक्रेटरी आले. पतसंस्थेचं नाव सांगत नाही. चेअरमनसाहेबांची एकसष्टी होती, एक महिन्यावर. एकसष्ट मान्यवरांना एकसष्ट ताटं. सेक्रेटरींबरोबर एक टेंपो होता आणि टेंपोत पोत्यांत गुंडाळलेल्या जुन्या काचा. संस्थेची पहिली शाखा पाडून तिथं लिफ्टवाली इमारत होणार होती. तिच्या खिडक्यांच्या या काचा, दाण्यांच्या नक्षीच्या, कडा पिवळट पडलेल्या.

"अक्का, प्रत्येक ताटात ह्या काचंचा एक तुकडा पायजे," सेक्रेटरी हात जोडून म्हणाले. "ह्या काचंतनं सायबांनी तीस वर्सं जग बघितलंय."

"ही नक्षीची काच हाय," मी म्हटलं. "हिच्यातनं कायबी दिसत न्हाय. म्हणूनच बसवत्यात."

सेक्रेटरींनी मान डोलावली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग म्हणाले, "आणि कार्यक्रमात तुमचापण सत्कार हाय. माइकवर नाव. शाल, नारळ, सगळं."

इथं माझी विकेट पडली. सात-आठ वर्षं मी लोकांच्या सत्कारांवर तोंड वाकडं करत होते, पण स्वतःच्या सत्काराचं नाव काढल्याबरोबर त्या संध्याकाळी साडी कुठली नेसायची याचा विचार करत बसले. लाज वाटते सांगताना, पण खरं आहे.

मिस्त्रींनी एक जुनी काच उजेडात धरली. बोटानं टिचकी मारली. "अक्का, ही काच लई जुनी हाय. कुठल्या कारखान्याची, देव जाणे. नव्या चकतीवर बसणार न्हाय. एक ताट करून म्हैनाभर नुसतं ठिवूया. टिकलं तर करूया."

"म्हैना कुठं हाय? म्हैन्यात एकसष्ट करायची हायत."

"मग त्यास्नी सांगा, जुनी काच नको."

"सांगितलं तर ऑर्डर जाईल. ऑर्डर गेली तर भट्टी जाईल. अप्पा काय म्हणालेत, तुमी ऐकलाय की."

मिस्त्रींनी भट्टीवर हात ठेवला, जसा बैलाच्या पाठीवर ठेवतात, आणि म्हणाले, "तुमी सांगाल तसं."

पहिल्या घाण्यातली दहा ताटं निघाली तेव्हा मला आनंदानं रडू यायचं बाकी होतं. मधे जुन्या काचेचा दाणेदार गोल, भोवती नव्या काचेची पानं. टिचकी मारली तर घंटेसारखा आवाज. तिसऱ्या दिवशी खोक्यातल्या दोन ताटांना आपोआप तडा गेला. मिस्त्रींनी ती दोन्ही माझ्यापुढं आणून ठेवली. मी म्हटलं, "लोडशेडिंगमुळं असंल." खरोखरच भट्टी गार होताना एकदा वीज गेली होती. निमित्त आयतं मिळालं आणि मी ते घट्ट धरलं. दोन ताटं नव्यानं केली, एक-दोन तुकडे कापताना मोडले. त्यामुळं शेवटच्या घाण्यात जुनी काच संपली आणि तीन ताटं पूर्ण नव्या काचेची करावी लागली. साहेबांनी ज्यातून जग बघितलं नव्हतं अशी. दुरून फरक कळत नव्हता. सेक्रेटरींना मी सांगितलंही नाही.

कार्यक्रम सकाळी अकराला, एका मंगल कार्यालयात. मी जांभळ्या काठाची साडी नेसून पहिल्या रांगेत. अप्पा शेजारी, डोक्याला फेटा. मिस्त्री मागं दाराशी उभे, नवी टोपी, धुतलेला शर्ट, पायात नव्या करकरीत कोल्हापुरी. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आपलं काम बघायला आले होते.

स्टेजवर लाल मखमलीवर एकसष्ट ताटं मांडलेली. पाहुण्यांची भाषणं सुरू झाली. साहेबांनी गोरगरिबांसाठी काय काय केलं, ते गोरगरीब मागच्या रांगांतून ऐकत होते. शूटिंगवाल्यानं आपला हॅलोजनचा दिवा पेटवला आणि ताटांवर धरला, जवळून, छान उजेड पडावा म्हणून.

टिंग.

कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

टिंग. टिंग.

"साहेबांचं जीवन म्हणजे अखंड..." वक्ता म्हणाला, आणि त्याच्या कोपरापाशी एक ताट मधोमध उकललं. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, फटाकडं लावल्यात काय?" हशा. मग आणखी एक. शूटिंगवाला खुळा, तो दिवा आणखी जवळ घेऊन फुटणारी ताटं शूट करायला लागला. अकरा ताटं तिथंच गेली. एका आमदारांच्या हातात दोन अर्धी आली, त्यांनी ती दोन्ही हातांत धरून फोटोला हसूनही दाखवलं. अनुभव दांडगा.

आणि याच वेळी सेक्रेटरींनी, कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव पुढं होतं म्हणून, माइकवर ते पुकारलं. "ह्या कलाकृतींच्या निर्मात्या..." मी उठले. स्टेजवर गेले. चेअरमनसाहेबांचा चेहरा ताटासारखाच ताणलेला. त्यांनी माइक माझ्यापुढं केला आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "हे काय झालं? कुणाची चूक?"

मी टेबलाकडे बघितलं. नव्या काचेची ती तीन ताटं कडेला होती. दिवा त्यांच्यावरही पडत होता. ती शेवटच्या घाण्यातली, त्यातल्या बाकीच्यांबरोबर एकाच वेळी भाजलेली, एकाच वेळी बाहेर काढलेली. त्यांना काहीही झालं नव्हतं. म्हणजे उत्तर समोर होतं. जुनी काच, आणि ती घालायचा हट्ट माझा.

पहिल्या रांगेत अप्पा बसले होते. त्यांच्या डोळ्यांत मला शेडमधलं प्लायवूड दिसायला लागलं.

मी म्हटलं, "भट्टी लवकर उघडली. आमच्या मिस्त्रींची चूक झाली."

माइकवर. सगळ्या कार्यालयात आवाज घुमला. ज्यांना मिस्त्री माहीत होते त्यांनी मागं वळून बघितलं, मग बाकीच्यांनी पण. मिस्त्रींनी नजर खाली केली नाही. ते टेबलाकडे बघत होते. मग शांतपणे दारातून बाहेर गेले.

माझा सत्कार झाला, बरं का. शाल घातली. कार्यक्रमपत्रिकेत होतं ना.

घरी येताना अप्पा म्हणाले, "चुकी मिस्त्रीची हाय तर भट्टी कशाला मोडायची? माणूस बदल." भट्टी वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आले, शेडची किल्ली खिडकीत ठेवली, आपला डबा घेतला. "येतो अक्का," म्हणाले. मी पदराशी चाळा करत उभी राहिले. पुढचं वर्षभर मान्यवरांच्या शोकेसमधली ताटं एकेक करून तडकत होती आणि फोन येत होते. मी प्रत्येकाला तेच सांगितलं. मिस्त्री. भट्टी लवकर उघडली. एकदा सुरुवात केली की मग सोपं जातं. चेअरमनसाहेब मात्र अजून अखंड आहेत.

भट्टी त्यानंतर सहा-सात वर्षं चालली. मग ॲक्रिलिकची सन्मानचिन्हं आली. हलकी, स्वस्त, फुटत नाहीत, आणि नाव संगणकावर कोरून तासाभरात हातात. सत्कार वाढले, माझं काम आटलं. विजेचा लपंडाव होताच. अप्पा गेले. आमचे हे म्हणाले, "बघ बाई." मी बघितलं आणि भट्टी मोडून टाकली. विटा शेजारच्या बांधकामाला गेल्या, कॉइल भंगारात.

ते झाल्यावर मला झोप लागेना. आता वाचवायला भट्टी नव्हती, मग खोटं कशासाठी सांभाळायचं? एका रविवारी एसटीनं पेठ वडगावला गेले. मिस्त्री ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. अंग उतरलेलं. सुनेला हाक मारून म्हणाले, "आगं, लक्ष्मीपुरीच्या अक्का आल्यात, च्या टाक."

मी तयारी करून गेले होते, पण सगळं विसरले. एकदम म्हटलं, "मिस्त्री, तुमी भट्टी लवकर उघडली न्हवती. जुनी काच माझी चूक होती. मला तवाच कळलं होतं. माफ करा."

"मलाबी कळलं होतं की," ते शेंग फोडत म्हणाले. "ती कडंची तीन ताटं फुटली न्हाईत. मी दारातनं मोजली."

"मग बोलला का न्हाई? माझं तोंड सगळ्यांसमोर फोडायचं होतं!"

"बोललो असतो तर काय झालं असतं? तुमी चुकला तर भट्टी जाणार, मी चुकलो तर मिस्त्री जाणार. मिस्त्री काय, दुसरीकडं जाईल. भट्टी म्या बांधल्याली, अक्का. एकेक वीट."

"दुसरीकडं गेलाव?"

त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली. "गेलतो. शिरोलीत इचारायचे, भट्टी लवकर उघडणारा तूच व्हय? हसायचे. भट्टीवर कुणी घेतलं न्हाय. मग गेटवर वॉचमन म्हणून लागलो. आता सोडलं तेबी." आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं. मला रडू फुटलं आणि त्यांच्या सुनेनं चहाऐवजी आधी पाणी आणून दिलं.

मिस्त्रींना रडणं आवडेना. विषय बदलायचा म्हणून त्यांनी विचारलं, "मग, भट्टी चालू हाय नव्हं?"

चेहरा किती खुलला होता म्हणून सांगू. त्या एका गोष्टीसाठी त्यांनी सगळं गिळलं होतं.

"व्हय की," मी म्हटलं. "चांगली चाललीया."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि मला मूठभर शेंगा दिल्या.

त्यांची सून गावच्या वाचनालयातून दिवाळी अंक आणते, असं निघताना तिनंच सांगितलं. मिस्त्री तिच्याकडून वाचून घेतात. म्हणून हे लिहिलं. त्यांचं नाव मी माइकवर, भरल्या कार्यालयात घेतलं होतं. ओसरीवर मागितलेली माफी त्याला पुरत नाही, छापूनच सांगायला हवं. दत्तू मिस्त्रींनी भट्टी एकदाही लवकर उघडली नाही. चूक माझी होती.

आणि मिस्त्री, भट्टी आता नाही. मीच मोडली. तिथं प्लायवूड आहे.